हॅलोविनच्या कँडीचा निपटारा: २०२४ च्या नोंदी

न्यू जर्सी, मिडलसेक्स काउंटी. घरात दोन मुलं, थोरली नऊ वर्षांची आणि धाकटा पाच. यंदा साताऱ्याहून सासूबाई (त्यांना मी आई म्हणते) आल्या आहेत. हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, मुलं दारोदार फिरून कँडी (गोळ्या-चॉकलेटं) गोळा करतात. ती थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणापर्यंत, मार्गी लावायची आहे, तीही मुलांशी खोटं न बोलता आणि काहीही न लपवता. ज्यांना पुढच्या वर्षी हेच करायचं आहे, त्यांना वेळ आणि पैसे कुठे जातात ते आधी कळावं म्हणून लिहिते आहे.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला. दुकानांत कँडीच्या पिशव्या कधीच्याच लागल्या आहेत.

आधी गेल्या वर्षीचं. इथे बऱ्याच घरांत चेटकिणीचा खेळ चालतो, तो आम्हीही केला. मुलांनी रात्री कँडी दाराशी ठेवायची, चेटकीण ती घेऊन जाते आणि बदल्यात खेळणं ठेवते. खेळण्यांवर चाळीसेक डॉलर गेले. पुढे थोरलीला तीच पिशवी गॅरेजमध्ये हिवाळी कोटांच्या मागे सापडली. ती आमच्यापाशी काहीच बोलली नाही. नाताळच्या सुमारास चादरी बदलताना तिच्या उशीच्या अभ्र्यात किटकॅटचे चुरगळलेले कागद निघाले, तेव्हा आम्हाला कळलं. स्वतः दारोदार फिरून मिळवलेली वस्तू पोर चोरून खात होती. दातांपेक्षा मला याचंच जास्त लागलं.

म्हणून यंदाचा पहिला नियम: कँडी मुलांची. ती कुठे आहे हे त्यांना माहीत असणार, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यातलं एकही चॉकलेट हलणार नाही. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात २०११ पासून आईबाप मुलांना “तुझी सगळी कँडी आम्ही खाल्ली” असं सांगून त्यांची रडणी चित्रित करून पाठवतात. ते मला कधीच बघवलं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

खरेदी. नोव्हेंबरमध्ये घरात जो ढीग उरतो, त्यातला निम्मा आपणच वाटायला आणून उरवलेला असतो, हे गेल्या वर्षी लक्षात आलं होतं. म्हणून दीडशे नगांची एकच पिशवी घेतली, पंचवीस डॉलरच्या आसपास. वेष्टनावर भोपळे-भुतं नसलेली मुद्दाम निवडली, म्हणजे उरली तर वाढदिवसाच्या खाऊच्या पुड्यांत चालते. यंदा कोकोचे भाव कडाडले आहेत आणि ते फळीवर दिसतं: निव्वळ चॉकलेटच्या पिशव्या महाग, आंबट-चिकट गोळ्यांच्या स्वस्त. लोक काय घेतील आणि मुलांच्या पिशवीत काय येईल, ते उघड आहे.

सोबत अंधारात चमकणाऱ्या कांड्या, पेन्सिली आणि छोटे चेंडू असा वेगळा वाडगा भरला, चौदा डॉलर. दारात निळसर हिरवा रंग दिलेला भोपळा ठेवणार आहोत. ज्यांना शेंगदाणे, दूध, अंडं चालत नाही अशा मुलांसाठी या घरी खाण्याखेरीज काहीतरी मिळेल, अशी ती खूण. २०१४ पासून ती देशभर चालते. धाकट्याच्या वर्गात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला एक मुलगा आहे. त्याच्या आईने सांगितलं की हा रंग लांबून दिसला की तो पळत सुटतो.

मुलांच्या पिशव्या बदलल्या. कँडी गोळा करायला वापरायचो ते उशीचे अभ्रे बंद, लहान बादल्या आणल्या. बादली भरली की घरी यायचं. थोरलीने बराच वाद घातला, मग बादली स्वतः रंगवायला मिळेल या अटीवर कबूल झाली.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

यंदा हॅलोविन आणि लक्ष्मीपूजन एकाच संध्याकाळी. महाराष्ट्रात बहुतेकांकडे पूजा उद्या आहे, पण इथल्या घड्याळाने अमावास्येचा प्रदोषकाळ आजचाच. चार वाजता मुलं बाहेर पडली आणि सूर्यास्ताला, सहाच्या आत, परत. उजेडातच फिरल्यामुळे आपोआपच कमी घरं झाली. बादली भरली की परत येण्याचा नियम मात्र पाळला गेला नाही, कारण बाबाच्या जॅकेटचे खिसे भरायला सुरुवात झाली होती. हवा ऑक्टोबरअखेरची वाटतच नव्हती, ऐंशी फॅरनहाइटच्या आसपास. या महिन्यात पावसाचा थेंब नाही.

पूजेची मांडणी चालली होती. चौरंग, लाह्या-बत्तासे, फराळाचं ताट. थोरली बादली घेऊन आली आणि म्हणाली, “आजी, हेही नैवेद्याला ठेवू? मी मिळवलंय.”

आई म्हणाल्या, “ठेव की. पण त्यात अंडं-बिंडं नाही ना गं?”

कोणालाच नक्की सांगता येईना. भारतात वेष्टनावर हिरवा ठिपका बघायची सवय, इथे तसली खूण नसते. मग पूजेआधी सगळं सतरंजीवर ओतलं आणि आजी-नात चष्मा लावून कागद वाचत बसल्या. छोट्या नगांवर घटक बहुतेक छापलेलेच नसतात, ते मोठ्या पिशवीवर असतात आणि ती पिशवी देणाऱ्याच्या घरी. शेवटी फोनवर एकेक नाव शोधलं. स्निकर्स, मिल्की वे आणि थ्री मस्केटियर्समध्ये अंड्याचा पांढरा भाग आहे. भारतातलं हिरव्या ठिपक्याचं स्निकर्स आई खातात, हे इथलं त्यांना चालणार नाही. स्टारबर्स्टमध्ये आणि गमी बेअर्समध्ये जिलेटिन. कँडी कॉर्नमध्ये जिलेटिन, वर चकाकीसाठी लाखेचा मुलामा. नर्ड्समध्ये किड्यांपासून काढलेला लाल रंग. स्किटल्समध्ये पूर्वी जिलेटिन असायचं, आता नाही. नैवेद्याला ठेवले ते हर्शेच्या साध्या चॉकलेटचे छोटे चौकोन आणि स्मार्टीज. इथल्या स्मार्टीज म्हणजे दाबून केलेल्या साखरेच्या आंबटगोड टिकल्या, आणि त्या आपल्याच राज्यात युनियन गावी बनतात. पूजा अर्धा तास उशिरा झाली, पण वर्गवारीचं निम्मं काम आजच उरकलं. शाकाहारी घरात हे पहिल्याच रात्री, मुलांनी तोंडात टाकण्याआधी करावं.

वजन: दोघांची मिळून सात पौंड, म्हणजे तीन किलोच्या वर. त्यात खिशातलीही आली.

आज रात्री हवी तेवढी खा, असं सांगितलं. आई अस्वस्थ. “अगं, जंत होतील पोरांना!” मी म्हटलं, “आई, आजचा दिवस आणि उद्याचा. मग नियम सुरू.” ही पद्धत एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंची: पहिला दिवस आणि दुसरा मोकळा, त्यानंतर फक्त जेवणाच्या आणि खाऊच्या वेळी, आणि मूल नियम पाळतंय तोवर डबा मुलाच्याच ताब्यात. भीती होती तेवढं काही खाल्लं गेलं नाही. धाकट्याने सात-आठ कागद उघडले, त्यातल्या निम्म्यांचा एकेक घास घेऊन बाकीचं आम्हाला दिलं. त्याला उघडण्यातच रस होता.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेला दिवाळीची सुट्टी. एडिसनला मैत्रिणीकडे फराळाला गेलो. वाटायची म्हणून नेलेली चॉकलेटची एक पिशवी दुपारभर बंद गाडीत राहिली. हवा आजही उबदार, काचा बंद, ऊन समोरून. सगळी चॉकलेटं कागदातच वितळली. फ्रिजमध्ये ठेवून घट्ट झाली, पण आकार गेला आणि वर पांढुरकी साय आली. ती बुरशी नव्हे, वर आलेला कोकोचा स्निग्धांश. खायला चालतं, द्यायला नाही. पाऊण पौंड माल असा बाद झाला.

येताना दुकानात थांबलो. हॅलोविनचं सामान निम्म्या किमतीत. चमकत्या कांड्या आणि पेन्सिली पुढच्या वर्षासाठी घेतल्या, सात डॉलर. कँडीही निम्म्या किमतीत होती, तिच्याकडे फिरकलो नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

वर्गवारी पूर्ण. सकाळचे दोन तास गेले. मुलांनी स्वतः केली, आम्ही फक्त घटक सांगितले. आवडती, घरात कोणालाच नको ती, आणि स्वयंपाकघरात कामाला येतील अशी साधी चॉकलेटं. थोरलीने आणखी एक ढीग केला, “अदलाबदलीचा”. दोघांचा बाजार जेवणापर्यंत चालला. एका रीसेसच्या (आत पीनट बटर असलेलं चॉकलेट) बदल्यात चार टूट्सी रोल, असा भाव ठरला. मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं, पण धाकट्याची सगळी ट्विक्स जायला लागली तेव्हा आईंनी हस्तक्षेप केला, आणि तो बरोबर होता.

डबे: झाकणाचे दोन पारदर्शक, अकरा डॉलर. दोन्हीवर नावं. ओट्याशेजारच्या खालच्या फळीवर, मुलांच्या हाताला येतील असे. पारदर्शकच घ्या. किती उरलंय ते दिसलं की “कोणी घेतलं” हा प्रश्न येत नाही.

आजपासून नियम: जेवणाबरोबर एक, शाळेतून आल्यावरच्या खाऊबरोबर एक. अधूनमधून नाही. जेवताना तोंडात लाळ जास्त सुटते, साखर दातांवर कमी वेळ राहते. दिवसभर एक-एक चघळत राहणं सर्वांत वाईट. आंबट गोळी खाल्ली तर लगेच ब्रश करायचा नाही. आम्लाने दातावरचं कवच मऊ पडलेलं असतं. आधी पाणी, अर्ध्या तासाने ब्रश. साखरेचा हिशेब: अमेरिकन हार्ट असोसिएशन मुलांसाठी वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. छोट्या नगात साधारण आठ ते दहा ग्रॅम असते. म्हणजे दोन नगांतच दिवसाचा बहुतेक कोटा संपतो. त्यामुळे रसाचे डबे आणि गोड दही या महिन्यापुरतं आणायचं बंद.

लाडवाचं काय, यावर घरात चर्चा. आईंचं म्हणणं, “लाडू म्हणजे काय कँडी आहे? घरचं तूप, घरचं बेसन.” माझं म्हणणं, साखर ती साखर. ठरलं असं: लाडू, करंजी किंवा शंकरपाळे खाल्ले तर त्या वेळची कँडी नाही. चिवडा आणि चकली मोजायची नाही. मुलांना हे लगेच पटलं. धाकट्याने आज दोन्ही वेळा लाडूच घेतला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मतदानाचा दिवस, शाळा बंद. नको असलेली कँडी आज घालवायची होती, सव्वादोन पौंड.

फूड पँट्रीला, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्राला, फोन केला. सुटी कँडी नको, घटक छापलेले नसतात. त्यांचं बरोबर आहे. मग दंतवैद्य. मुलांकडून कँडी विकत घेऊन ती परदेशी असलेल्या सैनिकांना पाठवायची, ही प्रथा २००५ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका दंतवैद्यांनी सुरू केली आणि ती देशभर पसरली. दर बहुतेक ठिकाणी पौंडाला एक डॉलर. जवळच्या एका दवाखान्याच्या संकेतस्थळावर हे लिहिलेलं होतं. मुलांना गाडीत घालून गेलो, तर कळलं की त्यांनी हे बंद केलंय, पान तेवढं तसंच राहिलंय. जाण्यायेण्यात तास गेला, थोरली हिरमुसली. घरी येऊन एकेका दवाखान्याला फोन. बहुतेकांकडे हे पहिल्या आठवड्यातल्या एकाच संध्याकाळी असतं. एकांकडे उद्या सहापर्यंत मुदत निघाली. अटी: मूळ वेष्टन, उघडलेलं नको, घरी केलेलं नको, चॉकलेट वेगळ्या पिशवीत, म्हणजे वितळलं तर बाकीचं खराब होत नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

दिली. मिळाले दोन डॉलर. थोरलीने तिथेच हिशेब केला की तेवढ्या कँडीची पिशवी दुकानात पंधरा-वीस डॉलरला येते, आणि काउंटरवरच्या ताईंना तसं सांगितलंही. ताई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी तिला बसवलं आणि सांगितलं की हे पैसे कँडीची किंमत नाहीत, तू ती सोडलीस त्याबद्दलचे आहेत. मग कोरी कार्डं पुढे केली. सोमवारी ११ तारखेला माजी सैनिकांचा दिवस आहे, पेटीत कँडीबरोबर चिठ्ठ्याही जातात. थोरलीने बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं की तुमच्याकडे झाडं आहेत का, आमच्याकडे आता सगळी पानं पडली आहेत. खाली पणती काढली. धाकट्याने फक्त पणती काढली.

सांगायचं ते हे: पैशांचं आमिष दाखवून मुलांना नेऊ नका, ते पुरत नाही. कँडी कोणाला जाणार ते आधी सांगा.

१० नोव्हेंबर, रविवार

मराठी शाळेत स्किटल्सचा प्रयोग. पांढऱ्या ताटलीच्या कडेने गोळ्या गोल मांडायच्या आणि मधोमध कोमट पाणी हळूच ओतायचं, गोळ्यांच्या पायापर्यंत येईल इतकंच. रंग सुटून मध्याकडे सरकतात, पण प्रत्येकाची पट्टी वेगळी राहते, शेजारच्यात मिसळत नाही. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, जांभळा, सगळी नावं पोरांनी ओरडून सांगितली. पहिल्या ताटलीत पाणी जास्त झालं आणि सगळा तपकिरी चिखल झाला. ताटली हलली तरी तेच होतं, म्हणून टेबलाला कोणाला टेकू द्यायचं नाही. गोळ्यांवरचं पांढरं अक्षर सुटून पाण्यावर तरंगतं, ते बघायला सगळी डोकी एकत्र आली. यात कँडी मूठभरच खपते, पण विरघळलेल्या गोळ्या बघितल्यावर त्या खायची इच्छा धाकट्याची तरी गेली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

स्वयंपाकघर. गाडीत वितळलेली चॉकलेटं आणि उरलेले हर्शेचे चौकोन संपवायचे होते.

आधी सगळं एकत्र वितळवून वड्या थापायचा बेत केला. जमला नाही. किटकॅटमधली बिस्किटं ओलसर लगदा झाली, कॅरमेल तळाला चिकटलं, आणि वाफेचा थेंब पडल्यावर चॉकलेट वाळूसारखं रवाळ होऊन आळलं. अर्धा पौंड माल आणि तासभर वेळ कचऱ्यात. वितळवायला फक्त साधं चॉकलेट घ्यायचं. बिस्किट, कॅरमेल, नूगट असलेलं काहीही चिरून वापरायचं.

मग आईंनी ओल्या नारळाची वडी केली, फ्रोझन खोबऱ्याची. नेहमीच्या प्रमाणात साखर घातली आणि वर चॉकलेटचा थर दिला तर इतकी गोड झाली की कोणाला दुसरा तुकडा खाववेना. दुसऱ्या घाण्याला साखर निम्मी केली, वेलची वाढवली, चिमूटभर मीठ घातलं. वर कोरड्या भांड्यात, मंद आचेवरच्या पाण्याच्या वाफेवर वितळवलेलं हर्शे. थर पातळच हवा, नाहीतर कापताना टवके उडतात. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची आणि मग कापायचं. आई म्हणाल्या, “साताऱ्याला गेले की हीच करीन, पण तिकडे हे चॉकलेट नको, आपलं अमूल घालीन.”

चिरलेली रीसेस केळ्याच्या केकमध्ये गेली. ती कणीक लावून, मिश्रणात अगदी शेवटी घालायची, नाहीतर तळाशी बसतात.

२३ नोव्हेंबर, शनिवार

डब्यांकडे आता कोणी फारसं बघत नाही. धाकट्याला आठवण राहत नाही. थोरली जेवणाबरोबर घेते, कधी विसरते. आज चादरी बदलल्या. अभ्र्यात काही नव्हतं. मी तिला विचारलं की डबा वरच्या फळीवर ठेवू का, ती म्हणाली, “कशाला? तिथेच आहे ना तो.”

३० नोव्हेंबर, शनिवार

थँक्सगिव्हिंग झालं. पाहुण्यांसमोर वाडग्यात उरलेली टॉफी-लॉलीपॉप ठेवली, थोडीच गेली. पाहुण्यांत दोन वर्षांचं बाळ होतं, म्हणून कडक गोळ्या आधीच काढून ठेवल्या. चारच्या आतल्या मुलाच्या हाती त्या देऊ नयेत, घशात अडकतात.

शिल्लक: दोघांची मिळून पाऊण पौंड, सगळी आवडती. ती हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवली, मुलांच्या समोर, पिशवीवर नावं घालून.

आतापर्यंतचा खर्च: वाटायची कँडी, दुसरा वाडगा, डबे आणि पुढच्या वर्षीचं सामान मिळून सत्तावन्न डॉलर, नारळ-साखर वेगळी. चेटकिणीच्या खेळण्यांचे चाळीस वाचले.

४ जानेवारी २०२५, शनिवार

फ्रीझरमधली पिशवी काढली. बाहेर काढून लगेच उघडायची नाही. आदल्या रात्री बंद पिशवीच फ्रिजमध्ये उतरवायची आणि सकाळी ओट्यावर ठेवायची, म्हणजे दव चॉकलेटवर न बसता पिशवीवर बसतं. दव चॉकलेटवर बसलं तर साखर वर येऊन पृष्ठभाग खरखरीत होतो. किटकॅट आणि ट्विक्स अगदी ताजी निघाली. स्किटल्स दगड झाल्या, त्या गोठवण्यात अर्थ नाही.

यंदा, २०२५ मध्ये, हॅलोविन शुक्रवारी आहे आणि लक्ष्मीपूजन त्याच्या दहा-अकरा दिवस आधीच होऊन जातं. म्हणजे फराळ संपत आलेला असेल आणि शनिवार पूर्ण दिवस वर्गवारीला मिळेल. दंतवैद्यांना फोन ऑक्टोबरच्या मध्यात करायचा आहे, तारीख आणि वेळ दोन्ही विचारून. घटकांची यादी थोरलीने वहीत उतरवून ठेवली आहे, आईंसाठी एक प्रत मोठ्या अक्षरांत. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनच्या दिवशी शाळेतून पुन्हा पिशवी भरून येईल, तेव्हा तीच वही काढायची.